भालेराव तात्यांचा म्युझिक सर्व्हर

म्युझिक सिस्टिमच्या दुकानात शिरलं की भालेराव तात्या आधी चपला काढत.

"राहू द्या काका, इथे चालतं," विक्रेता म्हणे.

"तुज्यासाठी नाय रे, गाण्यासाठी," तात्या म्हणत. मग स्पीकरसमोर स्टूल ओढून डोळे मिटून बसत. गाणं संपलं तरी डोळे उघडत नसत. म्हातारा झोपला, असं विक्रेत्याला वाटू लागे, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच निकाल येई, "बरा हाय. पन कायतरी कमी हाय."

वाशिंदला तात्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. कापडाच्या कारखान्यात तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून ते निवृत्त झालेले. मी शेणव्याच्या शाळेत शिकवतो, म्हणून त्यांचा 'मास्तर'. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती आणि तात्यांच्या डोक्यात म्युझिक सर्व्हरने घर केलं होतं. म्हणजे एकच डबा. सीडी घाला, नाहीतर टेपची वायर जोडा, सगळी गाणी त्याच्या पोटात जाऊन बसतात. ॲम्प्लिफायरही आतच. स्पीकर तेवढे जोडायचे.

"कॅसेटींना बुरशी लागते, मास्तर. गाण्यांना आता नवं घर बघाया पायजे."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही कल्याणला. एका डब्याचा पंखा घरघरे. "हा गाण्यात घोरतो," तात्या म्हणाले. दुसरा चंदेरी, देखणा. त्याच्यावरून हात फिरवून म्हणाले, "नवरदेव झ्याक हाय, पन बोलत नाय." घरीही प्रयोग चालत. स्पीकरला जागा हवी म्हणून सोफा बाहेर ओट्यावर गेला. "पावण्यांना काय स्पीकरवर बसवू?" तात्यांच्या पत्नी शांताकाकू विचारत.

"आवाज कसा हवाय तुम्हाला?" परतताना एकदा मी विचारलं.

तात्यांनी माहुलीच्या डोंगराकडे हात केला. "तानसाच्या पाण्यावर सकाळचा धुका असतो ना, तसा. कुठून सुरू झाला ते कळत नाय, आनि आपुन त्याच्यात असतो."

वर्षभराने काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "आता आना, नायतर नाव काढू नका." डबा आला.

रविवारी सकाळी मी वायरी जोडल्या. पहिली कॅसेट तात्यांनीच काढून दिली. फार वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर त्यांच्या गायन पार्टीने गायलेली गाणी, स्वतः टेप केलेली. ढोलकी सुरू झाली, कोरस उठला. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती आणि क्षणभर वाटलं, ती माणसं आत्ता याच खोलीत उभी आहेत. मधेच बेंजो असा नाचत आला की मी ओरडलोच, "वा! काय बेंजो वाजलाय!"

तात्यांनी डोळे उघडले. "वाजतो?"

"म्हणजे काय! अगदी पुढे."

"आता वाजतो?"

"आता."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काशिनाथ हाय तो. माझा धाकटा भाऊ. गेला तो, तुमी वाशिंदला यायच्या आधीच. दोन वर्सं झाली, टेपमधी मला गावतच नाय. ढोलकी येते, गानं येते, बेंजो नाय. मला वाटलं, मशीनचा दोष."

शांताकाकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांना हे कधीचंच ठाऊक होतं.

कानाच्या डॉक्टरला दाखवा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. तात्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"मास्तर, हितं वाजवा. जसा येतो तसा."

मला तालातलं काही कळत नाही. तरी कॅसेट मागे घेतली, त्यांचा हात माझ्या मांडीवर धरला आणि काशिनाथची बोटं जशी पडत होती तशी त्या तळव्यावर माझी टेकवत गेलो. तात्या डोळे मिटून बसले होते. अर्ध्यात ते एकदम हसले.

"चुकला बगा," म्हणाले. "हितं नेहमीच चुकायचा तो."