स्टूल (लाकडी), एक नग

माणूस आजारी नाही म्हणजे तो निरोगी आहे, हा जुना गैरसमज आता बऱ्याच घरांतून हद्दपार झाला आहे. निरोगी राहणं हे पूर्ण वेळेचं काम आहे आणि ते झेपायला मुळात तब्येत ठणठणीत लागते. वसंत ऋतूत तर फारच. या दिवसांत झाडांना पालवी फुटते आणि माणसांना याद्या.

आमच्या घरात हे काम तीन सदस्यांची समिती पाहते. अध्यक्ष माझी बायको. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे कुठली बी कुठल्या खंडातून आली हे तिला पाकिटावर वाचावं लागत नाही. संशोधन मुलीकडे (वय सतरा, संशोधनाचं साधन, मोबाइल). चिटणीस मी. पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं सूचना लिहीत आलो आहे. 'उद्या पाणी येणार नाही' हे एकच वाक्य मी आजवर तीनशे तऱ्हांनी, कुणाला चटकन कळणार नाही अशा बेताने लिहिलेलं आहे. चौथे बाबा, म्हणजे माझे वडील. ते कायम निमंत्रित. बसता येतं, मत देता येत नाही.

यंदा समितीने पसंत केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. पाच प्रकारच्या बिया (पूर्वी या पक्ष्यांना घालत असत, पक्ष्यांचा उत्साह पाहून निर्णय झाला). हिरवा रस, ज्याला पालक, काकडी आणि मनोनिग्रह समप्रमाणात लागतो. कोंब आणायची तीन मजली बरणी. तेल न लागणारी कढई आणि तेल मोजून फवारणारी बाटली. या दोन्ही एकाच दिवशी आल्या. "मग बाटलीने करायचं काय?" असं बाबांनी विचारलं, पण निमंत्रितांचे प्रश्न इतिवृत्तात घेत नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी, यादीचा मुकुटमणी: भाजी चिरायचं यंत्र. भाग अकरा, पाती सात, पुस्तिकेच्या भाषा चौदा.

आमचं स्वयंपाकघर नऊ फूट बाय सात फूट आहे. तेव्हा मी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला: एक वस्तू आत, एक बाहेर. त्यासाठी नोंदवही केली, रकाने आखले. अशी शिस्त फार थोड्या कुटुंबांत आढळते, हे मी स्वतःच सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी सांगत नाही.

बाबा शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं कापड बेतलं. आई गेल्यापासून ते रोज सकाळी साडेसातला स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी स्टुलावर बसून भाजी चिरायचे. सुरी झिजून अर्धी झालेली. गाजर ते नेहमी उरेब कापत, म्हणजे शिंपी कापड तिरकं कापतात तसं. सगळे तुकडे एका मापाचे. चिरता चिरता बायको त्यांना शाळेतली गाऱ्हाणी सांगायची आणि ते निकाल द्यायचे. "तुझ्या त्या हेडमास्तरांची कॉलर आवळत असणार. एक माप मोठा शर्ट घ्यायला सांग, ओरडायचे थांबतील." बायको हसत हसत शाळेत जायची. या हसण्याचं पोषणमूल्य कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसल्याने समितीच्या लक्षात आलं नाही.

यंत्र आलं त्या दिवशी मी नियमानुसार नोंद केली. आत: यंत्र. बाहेर: सुरी, फळी आणि स्टूल (लाकडी), एक नग. यंत्राची बैठक ऐसपैस होती म्हणून तीन वस्तू काढाव्या लागल्या. स्टुलावर त्या वेळी बाबा बसले होते. त्यांचा उल्लेख नोंदीत नाही, कारण तसा रकाना नाही.

"आता आराम करा, बाबा," मी म्हणालो.

"मी कुठे दमलोय?"

"दमायच्या आधीच करायचा असतो, आजोबा," मुलीने समजावलं. "हल्ली तसंच असतं."

बाबा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर जाऊन बसले. स्टूल त्याच दुपारी भंगारात गेलं.

यंत्राच्या कामगिरीचे आकडे बोलके आहेत. बाबांना भाजी चिरायला बावीस मिनिटं लागत, यंत्राला दीड. जोडणीला सहा, धुण्याला एकोणीस आणि रबरी कडी शोधायला अकरा. निव्वळ बचत, उणे साडेपंधरा मिनिटं. परंतु प्रत्यक्ष चिरणं दीड मिनिटात होतं, हे यंत्राचा शत्रूही नाकारणार नाही.

याच सुमारास बाबांची प्रकृती बिघडू लागली. जेवण अर्ध्यावर आलं. भिंतीला हात लावून चालू लागले. आज वार कोणता, हे दिवसातून चारदा विचारायचे. समिती खडबडून जागी झाली. तिने त्यांना सहाव्या प्रकारच्या बिया सुरू केल्या, उशाशी सूर्योदयासारखा हळूहळू उजळणारा दिवा ठेवला आणि मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधला. पहिल्या दिवसाची पावलं, दोनशे बारा. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. "दिवसभर करतात काय हे?" त्यांनी विचारलं. "काहीही करू देत नाही," मी अभिमानाने सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांनाही पट्ट्याची गरज असावी.

उपाय मुलीने शोधला. 'सजग चिरण: ज्येष्ठांसाठी वसंत शिबिर.' माहितीपत्रकात लिहिलं होतं: साधी सुरी, लाकडी फळी, बुटकं स्टूल, खिडकीतला उजेड आणि शेजारी बोलायला माणूस. इतकी नवी कल्पना आमच्या वाचनात आली नव्हती. ठराव एकमताने झाला. बाबांनी पत्रक दोनदा वाचलं आणि ते म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." (म्हणी पचनाला चांगल्या असतात का, यावर मुलगी माहिती काढते आहे.)

पहिल्या दिवशी शिबिराच्या बाईंनी गाजर धरून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. बाबा म्हणाले, "श्वास राहू द्या बाई, आधी बोटं आत घ्या." चौथ्या दिवशी बाई त्यांच्याकडून शिकत होत्या. दुसऱ्या आठवड्यात बाबांचा वर्ग वेगळा झाला, विद्यार्थी चौदा. पावलं सहा हजारांवर गेली. भिंत सुटली. वार ते आम्हाला सांगू लागले. समितीने या यशाचं श्रेय सहाव्या बियांना दिलं.

इकडे यंत्राची रबरी कडी मोरीतून वाहून गेली. नवी येईपर्यंत बायको दुकानातून चिरलेल्या भाजीची पाकिटं आणू लागली. एका रात्री जेवताना बाबांनी सूपमधला गाजराचा तुकडा चमच्यावर घेऊन दिव्यासमोर धरला.

"हे कुठलं?"

"पाकिटातलं. 'सजग हातांनी चिरलेलं' असं छापलंय वर," मुलगी म्हणाली.

"उरेब कापलंय," बाबा म्हणाले. "माझं आहे. आमची भाजी बाई दुकानात देतात."

बायकोने चमचा खाली ठेवला. दोन महिने हेडमास्तरांबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. "बाबा, उद्यापासून घरीच बसा ना चिरायला. खिडकीपाशी. पूर्वीसारखे."

"कशावर बसू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवही आणली. नोंद अचूक होती.

तातडीची बैठक भरली. नवं स्टूल घ्यावं यावर मतभेद नव्हता. पण मग नियमाप्रमाणे बाहेर काय काढायचं? बरणीत कोंब अर्धवट आले होते. कढई आणि बाटली एकमेकींशिवाय निरुपयोगी होत्या (आणि एकमेकींसह). यंत्र बंद होतं, पण त्याची हमी अजून दीड वर्ष चालू होती. दोन तासांनी बैठक तहकूब झाली.

सकाळी बाबा नेहमीसारखे पायात चपला सरकवून निघाले. "बसा ना आज," बायको दारात म्हणाली.

"तिथे स्टूल आहे गं," ते म्हणाले. रागाने नाही. "आणि तिथे मला विचारतात, हे कसं कापायचं म्हणून."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ते इतिवृत्तात घेतलेलं नाही.

हे सारं लिहिलं ते इतर कुटुंबांना मार्गदर्शन व्हावं म्हणून. वाचता वाचता आपणही बियांचे प्रकार मोजले असतील आणि शिबिराचा पत्ता कुठे मिळेल असा विचार केला असेल. (कळवीन, जागा थोड्या आहेत.) तोवर आपल्या स्वयंपाकघरातून एकदा नजर फिरवा. जुनं, बिनकामाचं, जागा अडवणारं जे दिसेल ते खुशाल बाहेर काढा. फक्त काढण्याआधी त्यावर कुणी बसलंय का, ते बघून घ्या. आणि कुणी बसलेलं नसेल, तर बसणारं माणूस कधी उठून गेलं, ते आठवतंय का पाहा.