दिगूनानांनी गव्हावर भरलेला खटला

आमच्या अंबडात हॉटेलच्या दारात उभं राहून भज्यांच्या नावाचा पुकारा करणारा माणूस एकच. दिगूनाना.

"कांदाभजेऽऽ हाजीर हो!"

ही आरोळी उठली की रस्त्यातली म्हैस रवंथ थांबवते, फटफटीवाला ब्रेक दाबतो आणि हॉटेलमालक झारा खाली ठेवून, फडक्याला हात पुसत, पिंजऱ्यात उभं राहावं तसा नानांपुढं येऊन उभा राहतो. मग उलटतपासणी सुरू.

"पीठ कशाचं?"

"हरभऱ्याचं, नाना."

"निव्वळ हरभऱ्याचं? बराबर आठवून सांगा, घाई न्हाई."

"निव्वळ."

"आन् ह्याच कढईत सकाळच्याला पुऱ्या तळल्या हे खरं हाय का खोटं?"

मालक कढईकडं बघतो. कढई मालकाकडं बघते.

"गुन्हा कबूल!" नाना गर्दीला सांगतात आणि पुढच्या हॉटेलाकडं चालू लागतात.

नाना कोर्टात पुकारा करणारे शिपाई होते. आवाज असा, की अंबडात नाव पुकारलं तर घनसावंगीतला आरोपी जेवण टाकून जीप धरायचा. कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान, आणि घरही नानांच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळं हे सगळं मी शपथेवर सांगू शकतो. थोडं वाढवून सांगतो, पण शपथेवर सांगतो.

हा सगळा खटाटोप गव्हापायी. नानांच्या आतड्याला गहू चालत नाही. गव्हात ग्लूटेन नावाचं एक चिकट द्रव्य असतं, त्यानं त्यांच्या आतड्याचं अस्तर झिजतं, असं डॉक्टर म्हणाले. नाना हेच जरा वेगळं सांगतात. "गव्हाच्या घरात ग्लूटेन नावाचा इसम लपून राह्यलाय. वीस साल माह्या पोटात दंगल करून राह्यला आन् कुणाला सापडला न्हाई. आता मी त्याला सोडीत नसतो."

पण मी नानांना गव्हाच्या दिवसांत पाहिलेलं आहे, म्हणून मला आज त्यांच्याकडं बघून नुसतं हसून मोकळं होता येत नाही.

नानांचं लहानपण घनसावंगीकडच्या एका खेड्यात गेलं. तिकडं तेव्हा तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी. "गहू म्हंजे कलेक्टर," नाना सांगतात. "सालातून चार बारी गावात यायचा. त्या दिवशी आम्ही अंघोळ करून त्याच्या दर्शनाला बसायचो." पुढं कॅनॉलला पाणी आलं, शिवार हिरवं झालं, आणि कलेक्टर रोज घरी जेवायला येऊ लागला. नोकरी लागली, तीर्थपुरीची विमलवहिनी घरात आली. वहिनींच्या हाताची पोळी इतकी पातळ, की ती समोर धरून पलीकडचा पेपर वाचता यायचा. मी वाचलेला आहे. राजकारणाच्या बातम्या त्या पोळीतून पचायला हलक्या जायच्या.

आणि पंगती! मांडवात नाना बसले की वाढपी आपसांत डोळे मिचकवायचे. तुपाची वाटी तोंडाला लावून नाना म्हणायचे, "येऊ द्या." त्या 'येऊ द्या'ला अंत नसे. एका लग्नात त्यांनी एकतीस पुरणपोळ्या खाल्ल्या असं लोक सांगतात. ही शुद्ध अतिशयोक्ती. मी शेजारीच बसलो होतो, सत्तावीस होत्या.

दुसऱ्या दिवशी मात्र पोट धरून कोर्टात यायचे. 'हाजीर हो'मधला 'हो' अशा कळवळ्यानं निघायचा, की नवा वकील घाबरून तारीख मागायचा. ओवा झाला, हिंग झालं, ताक झालं, कुणाच्या सांगण्यावरून पोटावर उलटा तांब्या लावून झाला. वीस वर्षं नानांचं पोट हा गल्लीचा सामायिक विषय होता. ज्याला दुसरं काही काम नसे तो त्यावर औषध सांगून जाई.

दोन वर्षांपूर्वी विमलवहिनी गेल्या. नाना झिजायला लागले. पायजम्याची नाडी रोज एक बोट जास्त उरायची. बायकोच्या दुःखानं खंगले, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं, नानांनीही. शेवटी मी त्यांना ओढत जालन्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, नळीनं पोटात कॅमेरा घातला, आणि निकाल दिला: गहू बंद, जन्मभर.

"पोळी किती वर्षांपासून खाताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाळीस साल."

"मग रोजच्या घरच्या पोळीनंच..."

नाना खुर्चीतून उठले. "डॉक्टरसायेब, घरच्या पोळीचं नाव घ्यायचं न्हाई. हाटेलातली पुरी लिवा. पंगतीतली बुंदी लिवा."

"बुंदीत गहू नसतो हो."

"मंग शंकरपाळे लिवा. पण ती पोळी बिलकुल लिवायची न्हाई. तिनं काय बी केलं न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, आणि पेन खाली ठेवलं.

त्यानंतर नाना कोर्टातून निवृत्त झाले ते फक्त कागदावर. खरी नोकरी तर तेव्हा सुरू झाली. पहिलं समन्स निघालं रशीदभाईंच्या गिरणीवर. गव्हाच्या मागून ज्वारी दळली तर गव्हाचा अंश येतो, हे नानांना कळलं. झालं! सकाळी गिरणी उघडायच्या आत नाना डबा आणि ब्रश घेऊन दारात हजर. पाट्यांवर ब्रश, तोटीत ब्रश, एकदा तर चुकून रशीदभाईंच्या पिठाळ मिशीवरही ब्रश.

"नानाजी," रशीदभाई म्हणाले, "गिरणी को बदाम का तेल लगा के नहलाऊं क्या? बोलो, टॉवेल भी लाताऊं."

"तेल नको. आधी तुमची पायलीभर ज्वारी दळून फेका, मंग माही टाका."

रशीदभाई बडबड करत राहिले आणि तसंच करत राहिले. आजही त्या गिरणीत दळणाची दिवसाची पहिली पाळी नानांची असते. बाई कितीही घाईत असो, रशीदभाई तिला सांगतात, "रुको आपा, पहले कोर्ट का काम."

मग एक दिवस नानांना शोध लागला, की बाजारातल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळलेलं असू शकतं. ज्या हिंगाच्या भरवशावर वीस वर्षं पोट सांभाळलं, तोच आरोपीचा साथीदार! त्या दिवशी नानांनी हिंगाची डबी आणून माझ्या दुकानात टेबलावर उलटी ठेवली. "माणसानं भरोसा ठिवावा कुणावर?" एवढंच म्हणाले.

भाकरी त्यांना स्वतःच थापावी लागते. पहिली भाकरी हुबेहूब जालना जिल्ह्यासारखी झाली होती, फक्त आठही तालुके सुटे. आता हात बसलाय. लग्नाला जाताना ती फडक्यात बांधून नेतात, पंगतीच्या टोकाला बसतात आणि वाढपी पोळी घेऊन जवळ आला की ताटावर दोन्ही हात आडवे धरतात. "लांबून! लांबून जा!" ज्यांनी ते 'येऊ द्या' ऐकलेलं आहे, त्या जुन्या वाढप्यांचे चेहरे तेव्हा बघवत नाहीत.

यंदा धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून, पुरण भरलेले कणकेचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. तीन वर्षांतून एकदा मिळणारा मान. नानांच्या सासूबाई, भामाबाई, तीर्थपुरीला असतात; नाना त्यांना मामी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं, कानानं अधू. घर सून सुशीलाबाई चालवतात. विमलवहिनी गेल्यानंतरचा हा पहिला धोंडा.

महिना लागताच नानांनी माझ्या दुकानात जाहीर केलं, "मी जाणार न्हाई. फोन आला की सांगून टाकणार. कनकीचा धोंडा म्हंजे माह्यासाठी सुतळी बॉम्ब."

फोन आला नाही.

आठ दिवस गेले. नाना आले. "जरा बघा बरं, माह्या फोनला रेंज हाय का?" मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. वाजला. दुपारी पुन्हा आले. संध्याकाळी पुन्हा. पंधरा दिवसांत मी त्यांना इतक्या वेळा फोन लावला, की माझ्या फोनला वाटलं असेल आमचं प्रेम जमलंय. रेंज बरोबर होती. गल्लीतल्या दुसऱ्या जावयांना बोलावणी येत होती, नवे टॉवेल-टोपी घालून ते परतत होते. नाना ओट्यावरून त्यांना बघायचे आणि म्हणायचे, "गव्हानं पोट बिघडंल एकेकाचं."

एके दिवशी झेरॉक्सच्या मशीनकडं बघत ते हळूच म्हणाले, "पोरगीच न्हाई राह्यली, तर जावाई कशाचा? कायद्यात बी बसत न्हाई ते."

मी उगाच कागद नीट केले.

महिन्याचे सहा दिवस उरले आणि सुशीलाबाईंचा फोन आला. नाना म्हणाले, "बरं. बरं. येतो." तब्येतीचं एक अक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि हात रिकामे.

"नाना, भाकरी?"

"सासरवाडीला डबा घिऊन जाऊ? इज्जत हाय का न्हाई माही?"

"मग तिथं विचाराल ना, कशाचे केलेत ते?"

नाना माझ्यावर असे उखडले, की मी पहिल्यांदाच तो आवाज हातभर अंतरावरून ऐकला. "मामीला इचारू? तिला पिंजऱ्यात उभी करू? एक खाईन. आठ दिस पडून राहीन. तिनं बोलावलंय, बस झालं."

मी दुकानाला कुलूप लावलं आणि दवाखान्याचा नंबर खिशात घालून त्यांच्याबरोबर निघालो. तीर्थपुरीपर्यंत जीपमध्ये नाना बोलले नाहीत. ड्रायव्हरला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

भामाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. ताट पुढं आलं. मी पाहिलं आणि दचकलो. धोंडे असे, की धोंड्यांनीच एकमेकांना मारलं असावं. एक चिरलेला, एक बसलेला, एकाला अंगठ्यानं ठिगळ लावलेलं, सगळ्यांतून पुरण बाहेर डोकावतंय. भामाबाई समोरच पदर सावरून बसल्या, डोळे नानांवर.

नानांनी डोळे मिटले आणि धोंड्याला हात घातला. तो हातातच भुगा झाला. नाना थांबले. डोळे उघडून बोटांतला भुगा बघत राहिले. कणकेचा असा भुगा होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत!

"खावा बिनघोर, दाजी," सुशीलाबाई दारातून हसल्या. "ज्वारीचे हायेत. आठ दिस झाले, आत्याबाईनं आख्खी गल्ली फुटक्या धोंड्यावर जगवलीय. ज्वारी धरंना, फुटायलेत. मंग तांदूळ मिसळला, उकड काढली, तवा कुठं एवढे उभे राह्यले. म्या रोज म्हणायले, दाजीला फोन तर करू. तर म्हणायच्या, जमल्याबिगर कसं बोलवायचं? लेकरू येऊन उपाशी जाईल."

"जातं धुऊन घेतलं," भामाबाई मोठ्यानं म्हणाल्या, बहिरी माणसं बोलतात तसं. "पातेलं नवं हाय. हिंग टाकला न्हाई. आजून काय इचारायचं ते इचारा, जावाईबापू. तुम्ही अंबडात लई इचारता म्हणं."

नानांनी काही विचारलं नाही. खाली मान घालून जेवत राहिले. भुगा झालेला प्रत्येक धोंडा बोटांनी गोळा करून, तुपात कालवून, ताट पुसून. किती खाल्ले ते सांगत नाही. माझ्या आकड्यांवर तुमचा विश्वास राहिलेला नाही.

निघताना भामाबाईंनी टोपी-टॉवेल दिला आणि नानांच्या गालावरून हात फिरवला. "पुढला धोंडा आता तीन सालानं. तवर मी हाय का न्हाई, त्याला ठावं." आणि बोट आभाळाकडं केलं.

नानांनी एक चप्पल घातली, दुसरी घातलीच नाही. उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले.

"मामी," ते म्हणाले, "तीन साल लई होत्यात. मधी... एखांद्या बारी आलो, तर चालंल का?"

मी शेजारी उभा होतो, मलाही जेमतेम ऐकू आलं.

"काय म्हणायले? मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई."

नानांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. शेवटी सुशीलाबाई सासूच्या कानाशी वाकल्या आणि ओरडून सांगितलं, "मधी येऊ का म्हणायलेत दाजी!"

भामाबाईंचा चेहरा रागानं लाल झाला. "येडे हायेत का हे? आपल्या घरी यायला इचारतंय व्हय कुणी?"

आणि आत वळून सुनेला म्हणाल्या, "सुशीले, आईतवारसाठी दोन शेर ज्वारी येगळी काढून ठिव गं."