आग्नेश्का इथे राहत नाही

कागदपत्रांच्या बाबतीत केतन मिठबावकरचा हात कुणी धरू शकत नाही, असं खुद्द केतनच सगळ्यांना सांगायचा. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीत कुणाचा पासपोर्ट अडकला, कुणाच्या पोराच्या ॲडमिशनला दाखला कमी पडला, की हा टपरीवर चहाचा घोट घेत बोलायचा, "फाईल आण, बघतो." आणि खरंच बघायचा! एका मित्राच्या वारलेल्या आजोबांचा हयातीचा दाखला त्याने जवळजवळ मिळवलेलाच. मित्राने वेळेत थांबवलं म्हणून, नाहीतर आजोबा आज सरकारी हिशेबाने जिवंत असते.

तर अशा या केतनवर स्वतःच्या बायकोची फाईल करायची वेळ आली.

बायको पोलंडची. नाव आग्नेश्का. आडनाव सोडा, ते फॉर्मच्या चौकटीत मावायचंच नाही. चार वर्षांपूर्वी ती केतनच्या कंपनीत नवीन मशीन बसवायला तीन आठवड्यांसाठी आलेली. मशीन चालू होईना, म्हणून तीन महिने राहिली. ते मशीन अजूनही मूड असेल तरच चालतं, पण लग्न मात्र लागलं.

लग्नानंतर कळव्याच्या घरी गृहप्रवेश झाला, तेव्हा केतनच्या आईने, म्हणजे शेवंतीबाईंनी, रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि लेकाच्या हातात अंगठी दिली. सुनेचं सासरचं नाव तांदळात लिहायचं! केतन बोलला, आई, हल्ली कोण नाव बदलतं? आईचं म्हणणं, कायद्यात नको बदलूस, ताटात बदल. नाहीतर मी हिला हाक कशी मारू? आग्नेश्का म्हणताना माझी कवळी सटकते. मुद्दा बिनतोड होता. केतनने तांदळात आजीचं नाव लिहिलं, मालती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या नवदुर्गा सोसायटीत पेढे पोचले आणि मालतीची मालू झाली.

या मालूने दोन वर्षांत सोसायटी खिशात घातली. मोदकाला एकवीस पाकळ्या काढायची, त्याही अशा सारख्या की पट्टीने मोजाव्यात. भोंडल्याला सगळ्यांत मोठा आवाज तिचा. आणि बाई मुळात इंजिनियर, त्यामुळे पाण्याचा पंप बंद पडला की प्लंबरच्या आधी लोक मालूच्या नावाने ओरडायचे. ती गाऊनवर ओढणी घेऊन, हातात पाना घेऊन खाली यायची आणि पंप सुरू करून वर जायची. मराठी ती सासूकडून शिकलेली, त्यामुळे तिच्या मराठीत लाड कमी आणि ओरडा जास्त. ती परदेशातून आलीय हे लोक चक्क विसरून गेलेले.

सरकार मात्र विसरलं नव्हतं. तिचा व्हिसा ऑक्टोबरच्या शेवटी संपणार होता. लग्नाला दोन वर्षं झालेली, म्हणजे आता इथे कायम राहायच्या कार्डाचा अर्ज करता येत होता. पण त्यात पोलिसांचा रिपोर्ट हवा. हे लग्न खरं आहे, बाई खरंच इथे नांदतेय, असा. रिपोर्ट वाकडा गेला तर मालूने बॅग भरून पोलंडला जायचं आणि तिथून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. किती महिने, कुणालाच माहीत नाही. जूनमध्ये आई कैऱ्या चिरायला बसलेली, तेव्हा मालूने हळूच विचारलं, आई, माझ्या वाटणीचं लोणचं घालू की राहू देऊ? आई त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून केतन इरेला पेटला. फाईल अशी बनवली की लग्नात नवरीलाही एवढं नटवत नाहीत! सात रंगांच्या चिठ्ठ्या, अनुक्रमणिका, वर प्लॅस्टिकचं कव्हर. आणि पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशी करतात हे कळल्यावर साहेबांनी थेट सोसायटीची मीटिंग बोलावली. सगळ्यांना बजावलं, चौकशीला कुणी आलं तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. मालू आपली सून आहे. फॉरेनर हा शब्द तोंडातून निघता कामा नये.

सेक्रेटरी विठ्ठलकाका आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. त्यांना नुसतं बोलणं पुरत नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर शिक्क्यासकट कागद लागला : 'सोसायटीच्या हद्दीत कोणीही फॉरेनर या शब्दाचा वापर करू नये. आदेशावरून.'

केतनने त्या नोटिसीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

पोलीस आले ते श्रावणातल्या मंगळवारी, भर दुपारी. केतन कंपनीत. आई आणि मालू डोंबिवलीला मावशीकडे मंगळागौरीला गेलेल्या. आणि आलेले हवालदार साईनाथ भोईर साध्या कपड्यांत, काखेत फाईल. आल्या आल्या त्यांनी तळमजल्यावरच्या शांताबाईंना गाठलं. त्या खिडकीत बसूनच असतात, सोसायटीला सीसीटीव्हीचा खर्च म्हणून करावा लागला नाही.

हवालदारांनी कागदावरचं नाव तीन ठिकाणी थांबून वाचलं. या बाई इथे राहतात का?

"असली कोण नाय इथे," शांताबाई बोलल्या.

हवालदारांनी फोटो दाखवला. फोटो कसला, झेरॉक्सची झेरॉक्स! त्यात बाई आहे की करपलेली भाकरी, ते देवाला माहीत. शांताबाईंनी चष्मा लावून, काढून, कागद उलटा करूनही बघितला. नाही ओळखत. मग हवालदार बोलले, अहो आजी, गोरी फॉरेनर बाई. त्यावर शांताबाईंनी आधी नोटीस बोर्डाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि आवाज खाली घेऊन सांगितलं की तो शब्द इथे बोलायचा नाही, सेक्रेटरींचा आदेश आहे.

हवालदारांनी नोटीस वाचली. परत वाचली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सरळ विठ्ठलकाकांची बेल मारली.

काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि केतनचं कौतुक सुरू केलं. मुलगा रत्न, निर्व्यसनी, मेंटेनन्स वेळेवर. लग्न झालंय का? म्हणजे काय! दोन वर्षं झाली. बायको लाखात एक. नाव मालती. हे बघा रजिस्टर, हळदीकुंकवाच्या वर्गणीची सही, मालती केतन मिठबावकर. हा बघा भोंडल्याचा फोटो, पण यात ती पाठमोरी आहे. घरचं, दारचं, सासूचं सगळं करते.

"आणि ही आग्नेश्का?" हवालदारांनी विचारलं. "यांनी अर्जात बायको म्हणून हिचं नाव दिलंय."

काकांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली तरी उचलला नाही. कारण काकांच्या डोक्यात जे आलं, तेच हवालदारांच्याही डोक्यात आलेलं. घरात एक बायको, मालती. कागदावर दुसरी बायको, परदेशी! म्हणजे हा सोन्यासारखा मुलगा कुणा परदेशी बाईला इथे कायमचं आणायला खोटं लग्न दाखवतोय, आणि बिचाऱ्या मालूला पत्ता नाही!

तुम्ही म्हणाल, मालूच ती, एवढं साधं काकांना कळू नये? पण काकांचा दोन वर्षांचा समज, सेक्रेटरी म्हणून स्वतःच काढलेला आदेश आणि समोर बसलेला पोलीस, या तिघांच्या वजनाखाली भल्याभल्यांची अक्कल चेपते.

दरवाजाबाहेर शांताबाई होत्याच. त्यांना अर्धंच ऐकू आलं, बाकी अर्धं त्यांनी घरचं घातलं. पाच मिनिटांत तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली, आणि सहाव्या मिनिटाला डोंबिवलीत आईचा फोन वाजला.

इकडे हवालदारांनी केतनला फोन लावला. आवाज थंड होता. "मिठबावकर, एक सांगा. तुमच्या परदेशी बायकोबद्दल घरच्या बायकोला माहितीये का?"

केतनला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी मित्र आवाज काढतोय. त्याने एक झणझणीत शिवी दिली. मग पलीकडून पोलीस ठाण्याचं नाव आलं, आणि वागळे इस्टेट ते कळवा हे अंतर त्याने रिक्षात बसून नाही, रिक्षावाल्याच्या पाठीवर अर्धं लटकून कापलं.

पोचला तर जिन्यात माणसंच माणसं. रोज हाय-हॅलो करणाऱ्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या. शांताबाई पुढे झाल्या. "केतन्या, लाज नाय वाटली? मालूसारखी बायको असताना?"

त्याने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की अहो, आग्नेश्का म्हणजेच मालू. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पण पकडलेला माणूस जेवढं जास्त समजावतो तेवढा तो जास्त चोर दिसतो, हा तर निसर्गनियम आहे. काकांच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या हवालदारांनी शांतपणे विचारलं, दोन्ही एकच आहेत याचा पुरावा? केतनने घरातून फाईल आणून झोकात उघडली. निळी चिठ्ठी, लग्नाचा दाखला : आग्नेश्का. पिवळी, पासपोर्ट : आग्नेश्का. हिरवी, गुलाबी, जांभळी : आग्नेश्का, आग्नेश्का, आग्नेश्का. अख्ख्या फाईलभर मालती औषधालाही नव्हती! कागदांचा हा बादशहा, आणि त्याच्या बायकोचं नाव बदलल्याचा एकमेव कागद म्हणजे ताटातले तांदूळ. त्यांची तर दुसऱ्याच दिवशी खिचडी झालेली.

तेवढ्यात खाली गाडीचा दरवाजा आपटला.

मालू जिना चढून आली. नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर वेणी, फुगड्या घालून लालबुंद झालेली. मागे आई, धापा टाकत. हवालदार अदबीने उठून उभे राहिले आणि बोलले, "या मालतीताई, बसा. तुमच्यासाठी जरा वाईट बातमी आहे."

मालू बसली नाही. तिने केतनकडे बघितलं. "कोण आहे ती?"

"अगं, तूच आहेस."

"खोटं बोलू नकोस. पोलीस घरी आलेत. शांताआजी बोलल्या, फॉरेनची आहे, आणि तिचे पेपर तू केलेस."

"तुझेच पेपर आहेत ते, मालू."

"माझे? माझे पेपर करायला तुला आठ महिने लागले. तिचे बरे पटकन झाले!"

आणि मग जे सुरू झालं, त्याला तोड नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकण्यापासून निघाली ती गॅस सिलिंडर बुक न करण्यावर आली. तिथून, आईचं पथ्य एकटी मी बघते. तिथून, माझ्या वाढदिवसाला मला मिक्सर आणला, तोही माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतला. मध्येच तिचं मराठी संपलं की पोलिश लागायचं, आणि पोलिश सुरू झालं की आई मागून मराठीत पुढचं वाक्य जोडायची. दोघींचा सूर एकच, भाषाच काय ती दोन. केतन "अगं ऐक" एवढंच म्हणत होता. शेवटी तिचा आवाज चिरकला. बोलली, मी लोणचं घातलं ना रे. जायचं असतं तर घातलं असतं का?

केतनने फक्त तिच्या नथीत अडकलेला केस सोडवला. तिने त्याचा हात झटकला, पण केस सुटल्यावर.

हवालदार मघापासून मान हलवत ऐकत होते. ते पोलिश त्यांना एका शब्दाने कळलं नव्हतं, पण त्यामुळेच त्यांना सगळं कळलं. त्यांनी मालूच्या तोंडाकडे बघितलं, झेरॉक्सकडे बघितलं. मग केतनला बोलले, "ताटात नाव बदललेलं काय?"

केतनने मान हलवली.

"आमच्या हिचं पण बदललेलं. आधार एका नावाचं, रेशनकार्ड दुसऱ्या. पोलीस असून मला तीन वर्षं लागली ते सरळ करायला." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "लग्न खरं आहे. खोट्या लग्नात कुणी सिलिंडरवरून एवढं भांडत नाही."

मालू मटकन खुर्चीत बसली. तिला आत्ता कुठे उलगडा झालेला. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही. आईने काकांच्याच देवापुढे साखर ठेवली. काका खाली जाऊन गुपचूप नोटीस काढून आले आणि घडी करून खिशात घातली, रेकॉर्डला.

जाताना हवालदारांनी केतनच्या खांद्यावर हात ठेवला. ताईंची काळजी करू नका, बोलले, त्यांच्या बाजूने अख्खी सोसायटी साक्षीला उभी आहे. तुमच्याबद्दल मात्र काकांच्या चहानंतर एकानेही चांगलं सांगितलं नाही हां.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. कायमचं! केतनने पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि पहिला पेढा खिडकीत शांताबाईंना दिला. आनंदाच्या भरात कार्डावरचं नाव पूर्ण वाचून दाखवलं आणि सांगितलं, आग्नेश्काला परवानगी मिळाली आजी, आता ती आयुष्यभर इथेच राहणार.

शांताबाईंनी पेढा तोंडात टाकला. जिन्यात कुणी नाही ना, ते बघितलं. मग खिडकीच्या गजांना नाक लावून हळूच विचारलं,

"आणि मालूला चाललं?"