केळुसकरांनी मागितलेलं कर्ज

आमच्या चाळीत केळुसकरनानांना विरजण द्यायला बायका घाबरत. चमचाभर विरजण द्यावं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाना वाटीभर दही घेऊन दारात हजर. वरची साय शाबूत.

"वहिनी, कालचं देणं."

"अहो नाना, चमचाभर तर होतं!" माझी बायको म्हणाली.

"विरजण वाढतं, वहिनी. तुमच्याकडे राहिलं असतं तर त्याचं वाटीभर दही झालंच असतं. तो नफा मी कसा ठेवू?"

पुढच्या खेपेला बायकोनं विरजण संपलंय म्हणून सांगितलं. इतकं दही खाणार कोण?

नाना आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. आम्ही दोघंही कल्याणच्या म्युनिसिपालिटीत. ते हिशेबनीस, मी घरपट्टीच्या टेबलावर कारकून. सकाळी बरोबर निघायचं, संध्याकाळी बरोबर परतायचं. आणि एवढ्या सोबतीत मला एक गोष्ट नीट कळली होती: या माणसाशी शेजार करणं म्हणजे दमणूक आहे. वाटेत मी टांग्याचे पैसे दिले, तर टांगा थांबायच्या आत त्यांचा अर्धा वाटा माझ्या खिशात. मी चहा पाजला, तर चेहरा असा, की जणू बिचाऱ्यावर काही आपत्ती कोसळली आहे. मग दुसऱ्या दिवशी ते मला चहा पाजणार, आणि तोही भज्यांसकट, म्हणजे भज्यांचं देणं माझ्याकडे आलं. पावसात छत्री विसरले तर भिजत जातील, पण माझ्या छत्रीत अर्धे यायचे नाहीत. "छत्री एकाची असते," म्हणायचे. आणि वर डोळे मिटून तो ठरलेला मंत्र: "ना देणं, ना घेणं, सुखानं झोपणं."

अशा माणसावर देवानं एकदा चांगलाच सूड उगवला.

फाळणीनंतर विठ्ठलवाडीपलीकडच्या लष्करी बराकींत निर्वासितांची वस्ती उभी राहिली आणि कल्याण बघता बघता फुगलं. माणसं वाढली, विहिरी तेवढ्याच. चैत्र लागला की विहिरींतून पाण्याऐवजी चिखल यायचा, आणि बायका हंडे घेऊन या आळीतून त्या आळीत हिंडायच्या. शेवटी म्युनिसिपालिटीनं ठरवलं, नदीवरून लोखंडी नळ टाकायचे, पंप बसवायचा, टाकी बांधायची. ठरवायला काय लागतं? तिजोरीत होता तेवढा पैसा रस्त्यावरचे कंदील लावण्यात संपायचा.

सरकारनं कळवलं, अर्धी रक्कम आम्ही कर्जाऊ देतो. उरलेली अर्धी तुम्ही कर्जरोखे काढून लोकांकडून उभी करा. मुदतीत उभी झाली नाही, तर आमचीही अर्धी विसरा.

कर्जरोखा म्हणजे साधी गोष्ट. तुम्ही म्युनिसिपालिटीला शंभर रुपये द्यायचे, ती तुम्हाला छापील कागद देणार, दर सहा महिन्यांनी व्याज देणार, आणि वीस वर्षांनी मुद्दल परत. पण साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची कुणी? अध्यक्ष आमच्या गावचेच डॉक्टर होते. त्यांनी नानांना बोलावलं. मी शेजारीच उभा होतो.

"केळुसकर, बाजारात फिरून रोखे खपवायचं काम तुमच्याकडे."

नानांनी आधी मागे वळून पाहिलं. दुसरा कोणी केळुसकर आला आहे का, म्हणून असावं.

"मी? मागायला जाऊ?"

"अहो, तुमच्यासाठी नाही. गावासाठी."

"कर्ज गावाचं असेल साहेब. हात माझाच पसरणार ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "घरपट्टीवाल्याला बरोबर न्या," म्हणाले आणि दुसऱ्या फायलीकडे वळले. घरपट्टीवाला म्हणजे मी.

तो वैशाख मी विसरणार नाही. भर उन्हात दुकानामागून दुकान. नाना पुढे, काळा कोट, काळी टोपी, मयताला निघाल्यासारखा चेहरा. मागे पिशवी घेऊन मी. दुकानदार म्हणायचा, "या, या, बसा, चहा मागवतो." नाना हात जोडायचे. "चहा नको. उपकार होतात." त्यांनी नाही म्हटल्यावर मला कसा मिळणार? हजारो रुपये मागायला निघालेला माणूस चहाचा कप घेत नाही, आणि त्यापायी माझा घसा कोरडा. दिवसभर मला तेच भोगायला लागायचं.

आणि मागण्याची तऱ्हा तर विचारूच नका. धान्याच्या बाजारात रामजीशेठ म्हणून मोठे व्यापारी होते. आम्ही गेलो तेव्हा ते खुशीत होते. नानांनी योजना सांगितली, शेठनी मान डोलावली, गल्ल्याची किल्ली कमरेची काढली. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात नाना म्हणाले, "पण शेठ, एक लक्षात घ्या. पैसे अडकून पडतील. मधेच गरज लागली, तर रोखा दुसऱ्याला विकावा लागेल, तोही कदाचित तोट्यात. घरपट्टी नीट वसूल झाली नाही, तर व्याजाला उशीर होईल. घरपट्टी लोक वेळेवर भरत नाहीत, हे यांना विचारा." यांना म्हणजे मला. "तेव्हा विचार करा."

शेठनी विचार केला आणि किल्ली पुन्हा कमरेला लावली.

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. "नाना, आपण रोखे विकायला आलोय की मोडायला?"

"खोटं सांगून मागू?"

"खोटं नको. थोडं गप्प तरी राहा!"

"गप्प राहून घेतलेलं पण कर्जच," नाना म्हणाले आणि पुढच्या दुकानाची पायरी चढले.

असेच आठवडे गेले. लाकडाच्या वखारी झाल्या, कापडवाले झाले, वकील झाले. एका वकिलांनी उलट नानांनाच धारेवर धरलं. "तुम्ही स्वतः कधी एक पैसा उसना घेत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग गावाला कर्जात का ढकलता?"

नाना पहिल्यांदाच तावातावानं बोलले. "रोजच्या डाळ-तांदळाला कर्ज काढावं का? नाही. पण हे नळ पन्नास वर्षं जमिनीत राहतील, साहेब. आज न जन्मलेली पोरं ते पाणी पिणार. मग सगळा पैसा आजच्या माणसानं एकट्यानं का घालावा? त्यांनीही पुढे आपापल्या घरपट्टीतून थोडा थोडा भरावा. कर्ज म्हणजे एवढंच."

वकील म्हणाले, "मुद्दा चांगला आहे," आणि एकही रोखा घेतला नाही.

मुदत जवळ आली. जमलेली रक्कम पाहून डॉक्टरसाहेब नुसते सुस्कारे टाकायचे. आणि एका सकाळी रामजीशेठ स्वतः म्युनिसिपालिटीच्या पायऱ्या चढून आले. धापा टाकत नानांच्या टेबलाशी बसले.

"केळुसकर, मी चौकशी केली. वाणी, शिंपी, चहावाला, न्हावी. या बाजारात ज्याची उधारी नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. माझी स्वतःची आहे! तुमची कुठे सापडत नाही. माझ्या दुकानातला चहासुद्धा ज्याला जड होतो, तो माझे पैसे बुडवणार आहे का? लिहा माझं नाव."

त्यांचं नाव लागलं आणि बाजार हलला. शेठनी घेतले म्हणून वखारवाल्यांनी घेतले, वखारवाल्यांनी घेतले म्हणून वकिलांनी. आमच्या चाळीतल्या बायकांनी वर्गणी काढून सगळ्यांत मिळून एक रोखा घेतला आणि तो कुणाच्या ट्रंकेत राहणार यावरून भांडल्या.

तरीही थोडं कमीच पडत होतं. शेवटच्या दिवशी खाडीकडचे धर्मा पाटील आले. जुने जमीनवाले आगरी, कारखान्याला जमीन विकून पैसा आलेला. खांद्यावरच्या पंच्यात नोटा बांधलेल्या. गाठ न सोडता त्यांनी विचारलं, "नाना, तू बोलतस तं बरोबर असल. पन मना एक सांग. यो पानी आमच्या पाड्यान येल कं?"

मी टेबलाखालून नानांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"पहिल्या टप्प्यात नाही येणार," नाना म्हणाले. "नकाशात तुमचा पाडा नाही. पुढे येईल असं म्हणतात, पण लेखी काही नाही."

मी डोळे मिटले. महिनाभराची पायपीट, ऊन, तहान, सगळं त्या पंच्यात बांधलेलं होतं आणि आता उठून चाललं होतं.

पाटील हसायला लागले. "मांगचे टायमाला यक जन आलता, तो बोलला, घरान पानी येल, दारान येल, गोठ्यान येल. तू यकलाच खरा बोललास." आणि त्यांनी गाठ सोडली. "घे. पन पुढचे टायमाला आमचा पाडा नकाशान घाल."

कर्ज उभं राहिलं. डॉक्टरांनी पेढे वाटले. मला वाटलं, संपली दगदग.

कसली संपते! नानांची झोप उडाली. रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, घरपट्टी किती आली? सहामाही व्याजाची तारीख जवळ आली की त्यांचा चेहरा उतरायचा. थकबाकीदारांच्या दारात जाऊन उभे राहायचे, काही न बोलता. बोलण्यापेक्षा ते भयंकर असायचं. लोक पैसे आणून द्यायचे. आणि समोरून रामजीशेठ येताना दिसले, की हा माणूस देणेकऱ्यासारखा शेजारच्या बोळात शिरायचा.

"अहो नाना, व्याज कालच पोचलंय त्यांना!"

"मुद्दल आहे ना अजून?"

"ते म्युनिसिपालिटीचं आहे."

"मागितलं कुणी?"

मीही त्यांच्यामागून बोळात शिरायचो. दोन बोळ जास्त चालून ऑफिस गाठायचं हा आमचा रोजचा रस्ताच झाला.

यथावकाश नळ टाकून झाले, टाकी उभी राहिली आणि पाणी आलं. मोठा समारंभ झाला. मांडव, बँड, मंत्र्यांचं भाषण. डॉक्टरांनी भाषणात नानांचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या, सगळ्यांनी माना वळवल्या. नाना मांडवात नव्हते.

मी चाळीत परत आलो तर ते आपल्या दाराशी पायरीवर बसलेले. खाली अंगणातल्या नव्या नळावर बायकांची झुंबड उडाली होती. पोरं अंगावर पाणी घेऊन किंचाळत होती.

"नाना, अहो तुमचं नाव पुकारलं तिकडे!"

"हो का," ते म्हणाले. नजर नळावरच होती. मी शेजारी टेकलो. मीही थकलो होतो.

"एकदा मी कर्ज काढलं होतं," नाना म्हणाले.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"लढाईच्या दिवसांत. आमच्या मंडळीला विषमज्वर झाला होता. विहिरीचं पाणी, दुसरं काय."

नानांचं लग्न झालेलं होतं, हे चाळीत कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्यांना जन्माचे ब्रह्मचारी समजत होतो.

"मेहुण्याकडून पैसे घेतले. ठाण्याला असतो, खोपटला. मुंबईहून डॉक्टर आणला, औषधं आणली. नाही वाचली. ती गेली, औषधांचं देणं राहिलं. मग दर महिन्याला पगार झाला की खोपटला जायचो हप्ता द्यायला. मेहुणा घ्यायला तयार नसे. म्हणायचा, माझी बहीण होती हो ती, पैसे कसले देता? मी ठेवून यायचो."

"म्हणून तुम्हाला कर्जाचा एवढा धसका," मी म्हटलं. सगळं समजल्यासारखं मला वाटलं होतं.

नानांनी मान हलवली. "तसं नाही. तिथे गेलं, की तिच्या गोष्टी निघायच्या. लहानपणी ती कशी होती, शाळेत काय करायची. मेहुण्याची बायको सांगायची, मेहुणा सांगायचा. हसायचो आम्ही. अंधार पडेपर्यंत बसायचो. इकडे तिला ओळखणारं कोण होतं? मग एका महिन्यात शेवटचा हप्ता दिला. फिटलं सगळं. बाहेर पडलो तेव्हा लक्षात आलं, आता इथे यायला कारण उरलं नाही."

"मग? पुन्हा गेला नाहीत?"

"कशासाठी जाणार?"

खाली नळावर कुणीतरी नानांना हाक मारली, "नाना, हंडा आणा, तुमचा नंबर आधी!" नानांनी हातानंच, राहू द्या, अशी खूण केली. मी म्हटलं, "मेहुणे आहेत ना अजून तिथेच?"

"असतील."

विषय तेवढ्यावरच राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी दात घासत होतो, तर नाना दारात. धुतलेलं धोतर, कोट, टोपी. हातात पिशवीबिशवी काही नव्हतं.

"ठाण्याला जाऊन येईन म्हणतोय," म्हणाले.

"काही काम काढलंत?"

"नाही," नाना म्हणाले. टोपी सारखी केली. "काम काही नाही."

आणि जिना उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागले.