येसाजीचा पाक

सकाळी नऊच्या सुमारास येसाजीने कढईतला झारा उपसायचा प्रयत्न केला, तेव्हा झाऱ्याबरोबर कढईही वर आली. ती शेगडीपासून वीतभर उंच झाली, हेलकावली, पण सुटली नाही. येसाजीने ती खाली ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. सुरभी अकराला येणार होती.

कळंबच्या त्या घरात संक्रांतीचा तिळगूळ दरवर्षी सोनाबाईच करायची. आषाढात ती गेली. तेव्हापासून मुलगी सुरभी आपल्या नेरळच्या फ्लॅटवरून रोज फोन करत होती. विषय एकच. "आप्पा, इकडं या राहायला. तुम्हाला धड चहा जमत नाही." गेल्या रविवारी येसाजी चिडला. "संक्रांतीला ये. माझ्या हातचा तिळगूळ खा. बिघडला तर तुझ्या स्कूटीवर मागं बसून येतो." सुरभीने लगेच "ठरलं" म्हटले. घर सोडायचे नसेल तर लाडू जमायलाच हवा होता.

सोनाबाईची मोठी कढई दिवसकार्य झाल्यावर सुरभी घेऊन गेली होती. म्हणून येसाजीने शेजारच्या धोंडूबाईची आणली. वर्ष व्हायच्या आत दुःखाच्या घरात गोडाची कढई चढत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्यामुळे "पाणी तापवायला पायजे" असे सांगून आणली.

तीळ चांगले भाजले गेले. शेंगदाण्याचे कूटही बेताचे झाले. घोडे अडले पाकाशी. पाकाचा थेंब गार करून ताटात टाकला की टण वाजला पाहिजे, एवढे त्याला माहीत होते. सोनाबाई स्वयंपाकघरातून ओरडून "वाजला बघा" म्हणायची आणि ओटीवरून तो "व्हय" म्हणायचा. आज त्याने पहिला थेंब टाकला. वाजला नाही. गॅस तसाच ठेवून दुसरा टाकला, मग तिसरा. सातवाही वाजेना, तेव्हा कंटाळून त्याने तीळकूट ओतले आणि झारा फिरवला. झारा दोनदा फिरला आणि उभा राहिला.

पाणी घालून पाहिले. ते वरच तरंगले. गॅस मोठा केला, तर तळ जळाला आणि काळा धूर मागच्या दारातून सरळ धोंडूबाईच्या अंगणात गेला. पाठोपाठ धोंडूबाई आली.

"भावजी, काय पेटलं वो?" ती उंबऱ्यातच थांबली. मग पुढे होऊन तिने झारा धरला आणि उचलला. कढई वर आली. "मी कढई दिलेली. तुमी तर मारुतीची गदा केलीव."

"सुटंल ती."

"पाणी तापवायला न्हेलेली ना? लईच घट्ट झालंय पाणी."

येसाजीने गॅस बंद केला.

"वरीस नाय झालं अजून. या घरात गोड करतात का? आमी आणून देणारच व्हतो."

"तुमी आणलेला माझ्या हातचा कसा व्हईल, वयनी?" येसाजीने पैजेचे सगळे सांगितले. धोंडूबाईने पदराने धूर वारला.

"थेंब वाजवून बघितला नाय का?"

"सात टाकले. येक वाजंल तर शपथ."

धोंडूबाईने त्याच्या कानाकडे पाहिले. येसाजीची तीस वर्षे भातगिरणीत, यंत्राच्या बाजूला गेली होती. ओरडल्याशिवाय त्याला काही पोचत नसे. आत्ताही ती ओरडूनच बोलत होती.

"वाजला असंल, भावजी," ती म्हणाली. या वेळी मात्र हळू. येसाजीने तिच्या ओठांवरून ते ओळखले.

"मंग ती 'वाजला बघा' म्हनायची, तवा खराच वाजायचा व्हय?"

"तुमी 'व्हय' म्हनायचाव ना?"

"ती म्हनायची म्हनून म्हनायचो."

"मी करून देते चार," असे धोंडूबाई म्हणाली, पण येसाजीने मान हलवली. मग तिने झारा खांद्यावर घेतला आणि कढई पाठीवर लोंबकळत ठेवून ती भिजत घालायला घरी निघाली. "दुपारी सुनंचं पयलं हळदीकुंकू हाय. ही गदा बघून बायांना काय सांगू, हनमान येऊन गेला?"

वाटीभर तीळकूट उरले होते. येसाजीने चहाच्या पातेल्यात पुन्हा गुळाचा पाक चढवला. या वेळी थेंब गार करून ताटात न टाकता दाताखाली धरला. तो तुटला हे त्याला कानाने नाही, दाढेत कळले. गॅस बंद केला, तीळकूट घातले, हात ओले केले आणि वळायला घेतले. तळहात भाजले. पाच लाडू झाले. सहावा घ्यायला गेला तोवर पातेल्यातले सगळे थिजले होते.

सुरभी अकराला आली. ताटलीकडे बघून म्हणाली, "एवढेच?"

"येका मानसाच्या हातानं येवढेच व्हतात. पुढचा घेईस्तवर खाली दगड व्हतो. तू आन् आई मिळून वळायचाव ना?"

"मी पाच, ती पाच. ती माझे परत वळायची." सुरभीने लाडू तोंडात घातला. सावकाश चावला आणि बराच वेळ गिळला नाही. मग नाक पुसून म्हणाली, "आईसारखाच झालाय. हरले मी. राहा तुम्ही इथं. परत विषय काढणार नाही."

तिने हे पुरेसे मोठ्याने म्हटले होते. येसाजीला नीट ऐकू आले. त्याने उरलेले चार लाडू डब्यात ठेवले, झाकण लावले. गॅसची टाकी बंद केली. आतल्या खोलीत गेला आणि दोन सदरे, दोन धोतरे पिशवीत घालून बाहेर आला.

"स्कूटीवर ही मावंल का गं? पुढचे लाडू तिकडं दोघं मिळून वळू."

"आप्पा, पण तुम्ही तर जिंकलात."

"व्हय ना," येसाजी म्हणाला. "जिंकून झालं."