डाव्या डोळ्याचा डोंगर

कालिसारी गावाच्या सभागृहात पांढरी भिंत एकच, आणि तिच्यावर डोळा दोघींचा. गावच्या तुमिनीकाकूला, म्हणजे बू तुमिनीला, तिथं कराओके हवं होतं. वेनिंगला तिथं मेरापी, गावामागचा धुमसता ज्वालामुखी डोंगर, हवा होता.

"मेरापी खिडकीतून फुकट दिसतो की," बू तुमिनी म्हणायची. "तो भिंतीवर कशाला?"

"खिडकीतून तो हलताना दिसत नाही, बू. माझ्या फिल्ममध्ये अख्खा दिवस चार मिनिटांत सरतो. ढग अंगावर येतात."

"डोंगर हलला तर आपण पळायचं असतं, पोरी. बसून बघायचं नसतं."

निकाल गावचे प्रमुख, पाक लुरा देणार होते, शनिवारी दुपारी फिल्म बघून. भिंत मिळाली, तर वेनिंग वर्षभर दर महिन्याला डोंगर टिपणार होती आणि गावाला त्याचं बदलतं रूप दाखवणार होती. नाही मिळाली, तर वर्षभर बू तुमिनीचं गाणं.

वेनिंग पदार्थविज्ञान शिकलेली, त्यामुळे कुठलंही काम ती पायरी-पायरीनं करायची. डोंगर लांब, म्हणून भिंतीवर त्याला खोली यायची तर त्याला टिपणारे डावा-उजवा डोळेही लांब-लांब हवेत. तिनं शेताच्या दोन टोकांना दोन सारखे कॅमेरे लावले. एकाच बटणावर दोन्ही एकदम चालायचे, आणि प्रत्येक खेपेला तीन फोटो काढायचे: एक काळपट, एक बेताचा, एक भगभगीत. पांढरा धूर आणि काळी दरी एकाच फोटोत नीट येत नाहीत. तिन्ही एकजीव केले की येतात.

तिचा चुलतभाऊ जत्मिको, गावच्या शाळेतला मास्तर, मदतीला होता. वेनिंगला तो म्बाक, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याचं मत वेगळं पडलं.

"म्बाक, आधी डाव्या-उजव्याची जोडी लावू, रंग मागाहून बघू."

"नाही. आधी तिन्हींचा एक फोटो, मग रंग, जोडी शेवटी. आणि रंगाची कृती एकदाच ठरवायची, सगळ्या दिवसाला आणि दोन्ही डोळ्यांना तीच. दर फोटोला वेगळी कृती केलीस तर आकाश बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकेल."

जत्मिकोनं मान डोलावली. तो सगळ्यांसमोरच मान डोलवायचा. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना इतका वाकायचा की काही हरवलंय का, असं लोक विचारायचे.

शुक्रवारी कॅमेऱ्यांमधली फोटोंची कार्डं आणायचं काम त्याचंच होतं. कार्डांवर लावलेल्या चिठ्ठ्या दवानं गळून पडल्या होत्या, म्हणून वेनिंगनं बजावलं होतं, "डाव्या कॅमेऱ्याचं डाव्या हातात, उजव्याचं उजव्या हातात. तस्संच माझ्या हातात दे." तो आला तेव्हा ती सभागृहातल्या टेबलाखाली वायर जोडत होती. तिनं नुसता हात वर केला. हातात आधी एक कार्ड आलं, मग दुसरं. पहिलं डावं असणार, हे तिनं गृहीत धरलं. डावं-उजवं असाच तर क्रम असतो.

रात्रभर संगणक घरघरला. सकाळी दोन्ही डोळ्यांच्या फिल्म तिनं वेगवेगळ्या तपासल्या. एकही लुकलुक नव्हती! धुराची घडी न् घडी दिसत होती. जोडी लागेपर्यंत मात्र दुपार झाली; ती तपासायच्या आत सभागृह भरलं होतं, अंधारासाठी खिडक्यांवर लुंगीसारखे सारोंग टांगले होते, आणि जत्मिको डोळ्यांपुढे धरायचे लाल-निळे कागदी चष्मे वाटत फिरत होता.

फिल्म सुरू झाली. पहिल्या बाकावर पाक लुरा चष्मा धरून निश्चल बसले. मागून मात्र कुजबुज उठली.

"डोंगर आत गेलाय का?"

"ढग बघ, डोंगराच्या मागे! आणि दगडातून दिसतायत!"

"मला मळमळतंय."

वेनिंगनं घाईनं चष्मा लावला. मेरापी जेलीच्या साच्यासारखा पोकळ झाला होता. समोरचं नारळाचं झाड त्याच्याही पलीकडे उभं होतं.

"आमच्या कराओकेनं आजवर डोंगर गिळला नाही हो," बू तुमिनी सोयाबीनचं तळलेलं तेंपे चघळत म्हणाली.

पाक लुरा अजून चष्म्यातून भिंतीकडेच बघत होते. वेनिंगनं फिल्म थांबवली आणि जत्मिकोला कोपऱ्यात ओढलं.

"डावं कार्ड डाव्या हातानं दिलंस ना?"

"डाव्या हातानं?" जत्मिको हादरला. "शेजारी पाक लुरा बसले होते, म्बाक! त्यांच्यादेखत डाव्या हातानं कसं देणार? उजव्यातलं दिलं, मग डावं उजव्यात घेतलं, आणि तेही दिलं. अगदी रीतीनं."

वेनिंगच्या लक्षात आलं, की दोन्ही डोळ्यांना कृती एकच आहे. बिघडलेलं काही नाही, फक्त बाजू बदलल्यात. ती बाकावर चढली.

"सगळ्यांनी चष्मे उलटे धरा! लाल काच उजव्या डोळ्यावर!"

फिल्म पुन्हा लागली. मेरापी भिंतीतून बाहेर आला, भरीव, सुरकुत्या-सुरकुत्यांचा. पहाटेचा गुलाबी धूर माथ्यावरून ओघळला, ढग दरीतून चालत आले. एक ढग धरायला बू तुमिनीनं हात पुढे केला आणि पुढच्या बाईचा अंबाडा उपटला. दोघींपैकी एकीनंही चष्मा काढला नाही.

दिवे लागले. पाक लुरा सावकाश उठले.

"पोरी, पहिल्या खेपेला काय डोंगर दाखवलास! लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून दिसायचा, अगदी तसा. भिंत तुझी, हे मी तेव्हाच ठरवलं होतं." त्यांनी चष्म्याकडे दुःखानं पाहिलं. "मग तू हा उलटा धरायला लावलास. चांगला डोंगर खड्ड्यात का घातलास?"

वेनिंग जत्मिकोकडे वळली.

"यांनी सुरुवातीपासून उलटा धरला होता?"

"मी पाहिलं होतं," जत्मिको जमिनीकडे बघत पुटपुटला. "पण पाकांना 'चुकलंय' असं कोण सांगणार?"

वेनिंगनं पाक लुरांचा चष्मा अदबीनं घेतला, पुन्हा पहिल्यासारखा फिरवून त्यांच्या हाती दिला आणि फिल्म तिसऱ्यांदा लावली. सगळ्यांत पुढे जागा धरली ती बू तुमिनीनं.

"जत्मिको," अंधारात वेनिंग हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात कार्डं तूच आण."

"कुठल्या हातानं देऊ, म्बाक?"

"उजव्याच. टेबलाखाली मी जाणार नाही."