खिडकीतली कोंबडी

थर्झाने नवऱ्याचा स्वेटर दान करून टाकला, तो त्याला थंडी वाजावी म्हणून नव्हे. स्वेटरची त्याला आठवण येते का, एवढंच पाहायला. लग्नाच्या वर्षी कांद्याच्या सालींत लोकर उकळून, रंगवून तिने तो विणला होता. हेडलीने तो जन्मभर अंगावर वागवला, पण बरा म्हटला नाही की वाईट म्हटला नाही. तेव्हा वसंतात एके दिवशी तिने उशीचा एक विरलेला अभ्रा घेतला. त्यावर तिच्याच हातची निळी पाखरं भरलेली होती, आणि जोडीतला दुसरा अजून पलंगावर होता. त्यात स्वेटर गुंडाळून चर्चच्या दानपेटीत सोडला आणि घरी येऊन वाट पाहत बसली.

बर्फ वितळलं. खाडीत मासे आले, मासे गेले. हेडली गप्प.

पानगळीत चर्चच्या तळघरात विक्री भरली. डल्सीचं टेबल नेहमीच्या कोपऱ्यात होतं. ही डल्सी विधवा. दानातले स्वेटर उसवायची, त्या लोकरीची क्रोशाची खेळणी करायची आणि त्यांच्या पोटात चिंध्या भरायची. विकतचा दोरासुद्धा तिला वर्ज्य. त्या दिवशी टेबलावर देवमासा, सील, बदक आणि कोंबडी मांडून ठेवलेली. सगळी एकाच रंगाची, कांद्याच्या सालीच्या. आपल्या तरुणपणाची कुणी अशी जनावरं केलेली पाहवतात होय? तिने कोंबडी उचलली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून बसवली. आता तरी बोलेल.

हेडलीने चहाचा कप तोंडाला लावला, कोंबडी पाहिली आणि त्याला ठसका लागला.

"काय झालं रे?"

"कुठे काय? चहा गरम आहे."

"कोंबडी कशी वाटली?"

"कोंबडीसारखी."

दुसऱ्या दिवसापासून मात्र नवरा बदलला. दुपारी दाढी विंचरून बाहेर पडू लागला.

"कुठे निघालास?"

"जाळी बघून येतो."

जाळी तर मागच्या दारी टांगलेली. परत यायचा तेव्हा दाढीत लोकरीचे तंतू, ओठांवर शीळ आणि कोटाला काकवीच्या बनचा वास. घरात आठवडाभर बन भाजले नव्हते. काकवीचे बन करावेत तर डल्सीनेच, असं सगळा गाव म्हणायचा. संशय दगडफुलासारखा असतो. त्याला माती लागत नाही, पाणी लागत नाही, उघड्या खडकावरही धरतो. थर्झाने शाल ओढली आणि त्याच्या मागोमाग निघाली.

डल्सीच्या खिडकीखाली तिने कान दिला.

"असा ओढू नकोस रे, हेडली. मऊ हाताने घे," आत डल्सी सांगत होती.

"माझे हात जाळी ओढणारे, बाई."

"होईल सवय. पण थर्झाला कळलं म्हणजे?"

"जीव घेईल माझा."

थर्झाने दार ठोठावलं. न्यूफाउंडलंडच्या त्या गावात दार ठोठावत नाहीत. शेजारी सरळ आत येतो आणि आपला चहा आपणच ओतून घेतो. ठोठावतो तो परका, नाहीतर पोलीस. आजपासून मी या घराला परकी, हे थर्झाला ठोठावूनच सांगायचं होतं.

"पोलीस!" डल्सी किंचाळली. खुर्ची पडली. काहीतरी धावपळ झाली. मग दार उघडलं.

हेडली बाकावर हात जोडून बसला होता, प्रार्थनेला बसावा तसा.

"अगं, तू होय!" त्याने हुश्श करून अंग सैल सोडलं आणि बोंब ठोकून ताडकन उठला. खेळणी शिवायचा दाभण त्याच्या विजारीत मागून घुसला होता, आणि दाभणाला लोंबत होतं कांद्याच्या सालीच्या रंगाचं एक धूड. त्याला एकच बाही. बाकाखालून अर्धा उसवलेला देवमासा डोकावत होता.

"हे काय आहे?"

"स्वेटर," हेडली खाली मान घालून म्हणाला. "माझ्या हातून हरवला गं. बोटीवर सोडला असणार कुठेतरी, आणि कुणीतरी उचलून दानात टाकला असणार. तुला सांगायची छाती झाली नाही. मग घरात ती कोंबडी आली आणि रंग ओळखला मी. डल्सीकडे धावलो, तर त्याची जनावरं होऊन गावभर गेलेली! घरोघर फिरून मागून आणली. बदकासाठी तर एक पोर रडलं. पाद्रीबाबा सील देईचनात. म्हणाले, हेडली, घरी सगळं ठीक आहे ना?"

"मी सांगत होते, खरं बोल म्हणून," डल्सी म्हणाली. "ऐकतो कुठे!"

"मी दोन सुयांवर विणला होता," थर्झा म्हणाली. "हे क्रोशाचं पायपुसणं. मला कळलं नसतं?"

"मी लांब उभा राहणार होतो."

"आणि डावी बाही?"

"ती तुझ्या खिडकीत बसलीय!" हेडली कळवळून म्हणाला. "रोज चहा पिताना माझाच हात माझ्याकडे टक लावून बघतो. मागू कसा? का हवी म्हणून विचारलं असतंस."

ज्या शब्दासाठी ती वसंतापासून ताटकळली, तो हा माणूस रोज चहाबरोबर गिळत होता. आता खरं सांगून टाकावं. तिने तोंड उघडलं.

"चल घरी," ती म्हणाली.

घरी तिने कोंबडी काढली, तुऱ्याची गाठ कापली. "हात धर."

हेडलीने दोन्ही हात पुढे करून पसरले. लग्नाच्या वर्षी हीच लोकर ओली होती, तेव्हाही असेच पसरले होते. धागा त्याच्या हातांवर फिरू लागला. तुरा गेला, मान गेली, पंख गेले. थर्झा गुणगुणू लागली. तेवढ्यात पोट सुटलं आणि चिंध्या हेडलीच्या मांडीवर सांडल्या.

एका चिंधीवर निळं पाखरू होतं. दुसरीवर नुसताच निळा पंख.

हेडलीने पाखराकडे पाहिलं. मग दारातून पलंगावरच्या उशीकडे पाहिलं. मग पुन्हा पाखराकडे.

"थर्झा," तो सावकाश म्हणाला, "हे तर आपल्या…"

"हात हलवू नकोस," थर्झा म्हणाली. "गुंता होईल."